तिसरा उतार

॥ श्री कानबाई माता प्रसन्न ॥

ब्राह्मणपुरी, ता. शहादा
१२ जून २०२५

चि. हेमकांत यास भटूदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर आपण दोघे भाऊ ‘बरं शे ना?’ ‘बरं शे’ याच्यापुढे जात नाही, म्हणून कागद घेतला. इकडे सर्व खुशाल. केळीचे घड कापून झाले, कापसाची लावणी अर्धी उरकली. तुझी वहिनी रंजना म्हणते, लिहा, भाऊजी बर्फात राहून गोरे झाले असतील तर ओळखायचे कसे?

आपली लेक काजल आता लोणखेड्याला कॉलेजात जाते. तिने मोबाईलवर तुझी जुनी शर्यत शोधून काढली. झेंड्यांच्या दारांमधून तू बर्फाच्या डोंगरावरून सुईसारखा खाली येतोस, ती. मायला दाखवली. माय म्हणाली, हा तर केळीच्या सोपटावर बसून नदीच्या दरडीवरून घसरायचा तसाच घसरतो, फक्त आता चड्डी फाटत नाही. चार वेळा तू देशात पहिला आलास, पण तिने तुला शर्यतीत पाहिलं ते आत्ता. पुन्हा पुन्हा लावायला सांगते. शेवटी तू खाली पोचून थांबतोस ना, तिथे दर वेळी पडद्याला म्हणते, “आते घर ये.”

यंदा कानबाईचा सण ३ ऑगस्टला, रविवारी. प्रसादाच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाची सव्वा मूठ गहू निघते, तुला ठाऊक आहे. बारा वर्षं तुझी मूठ माय भरते. आता तिची बोटं पुरती मिटत नाहीत, दाणे गळतात. तुझी मूठ या वर्षी तुझ्याच हातची हवी, असं तिने धरलं आहे.

वडील गेले तेव्हा तू दोन दिवस पाहुण्यासारखा राहिलास आणि गेलास. आमचं काही चुकलं असेल तर लिही. सल माझ्याही मनात आहे. गुडघा मोडला तेव्हा तू आम्हाला तीन महिन्यांनी कळवलंस. आम्ही एवढे परके होतो का?

थोरला आहे म्हणून बोललो. राग मानू नये, माया कमी होऊ देऊ नये.

तुझा,
भटू

•

औली, उत्तराखंड
२४ जून २०२५

ती. भटूदादांस, शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. वहिनींना सांग, गोरा नाही, भाजल्या वांग्यासारखा झालो आहे. बर्फावरचं ऊन आपल्या वैशाखापेक्षा वाईट.

पलटणीतून निवृत्त झाल्यापासून इथल्या पोरांना स्कीइंग शिकवतो. सध्या बर्फ नाही, तर गवतात काठ्या रोवून त्यांच्यामधून पळवतो. पहिला धडा वेगाचा नसतो, पडण्याचा असतो. नीट पडता आलं की भीती जाते. पोरं मला विचारतात, उस्ताद, तुमच्या गावात बर्फ किती पडतो? मी सांगतो, रसवंतीच्या गाडीवर पडतो तेवढा.

आता तू विचारलंस म्हणून लिहितो. फेब्रुवारी २०१३ च्या अखेरीस मी शर्यतीत पडलो. शेवटून तिसरं दार होतं. दोन दिवस मला शुद्ध नव्हती. माझ्या पलटणीतला अजित, कऱ्हाडचा, त्याने दुसऱ्याच दिवशी तुला फोन केला होता. मी सावध झाल्यावर विचारलं, घरून कोण येतंय? फार खोदल्यावर त्याने सांगितलं, तुझा भाऊ म्हणाला, चांगलं झालं, देवीनं ऐकलं, आणि फोन ठेवून दिला.

दादा, तुला माझं घसरणं कधीच आवडलं नाही. शेती सोडून लाकडावर उभं राहणं हा काय धंदा, असं तू म्हणायचास. मला वाटलं, मी खाली यावं म्हणून तू देवीला गाऱ्हाणं घातलं असशील. दीड महिना मी दवाखान्याच्या दाराकडे बघत होतो. कोणी आलं नाही. मग मीही कळवलं नाही.

तक्रार नाही. पण रोट घरच्यांनीच खायचा असतो. मी कोणत्या तोंडाने पंगतीला बसू?

मायच्या पायांवर डोकं. आपला लोभ होता तेवढा तरी राहो.

तुझा,
हेमकांत

•

॥ श्री कानबाई माता प्रसन्न ॥

ब्राह्मणपुरी
६ जुलै २०२५

चि. हेमकांत यास,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. तुझं पत्र चार वेळा वाचलं. मग केळीच्या बागेत जाऊन त्याच जागी उभा राहिलो, जिथे तो फोन आला होता.

आठव, त्या जानेवारीत तुला टायफॉईड झाला होता. मायने कानबाईला नारळ बोलला होता आणि तू बरा झाल्याचा निरोप आला नव्हता, आम्ही रोज त्याकडे कान लावून होतो. फोन आला तेव्हा शेजारी पाण्याचं इंजिन चालू होतं. तो मुलगा म्हणाला, हेमकांत उतारावर पडलाय. मी ऐकलं, हेमकांतला उतार पडलाय. आपल्या सपाट मुलखात उतार दोनच, एक तापाचा आणि एक नदीचा. डोंगराचा तिसरा उतार माझ्या ध्यानात कुठून यावा! मी म्हणालो, चांगलं झालं, देवीनं ऐकलं. आणि धावत घरी सांगायला निघालो.

त्या संध्याकाळी मायने नारळ फोडला, गल्लीत गूळखोबरं वाटलं. वडिलांनीही हौसेने दोनदा घेतलं. तू तिकडे प्लास्टरमध्ये होतास. नंतर तुझा फोन बंद लागे. दर हिवाळ्यात लागायचा, म्हणून कोणी घाबरलं नाही.

तुझं घसरणं मला आवडत नव्हतं, हे खरं. भीती वाटायची, हे तुला कधी सांगितलं नाही. पण देवीपुढे तुझ्या वाईटासाठी मी कधी हात जोडले नाहीत. त्याच देवीची आण.

मायला सर्व वाचून दाखवलं. ती मला म्हणाली, “तुन्हा कान फुटनात व्हतात का?” आणि गव्हाची कोठी उघडून सगळ्यांच्या मुठी वेगळ्या काढल्या. तुझी काढली नाही. ज्याची मूठ त्यानेच भरावी, नाहीतर या वर्षी दळण जात्यावर बसणारच नाही, असं तिने सांगितलं आहे.

मी काही मागत नाही. वाट पाहतो.

तुझा चुकलेला,
भटूदादा

•

औली
१७ जुलै २०२५

ती. भटूदादांस, शि. सा. न. वि. वि.

अजितला फोन लावला. आता तो कऱ्हाडला दूध डेअरी चालवतो. त्याला सांगितलं तर आधी हसला, मग रडायलाच लागला. म्हणाला, तुझ्या दादांना सांग, मीच नीट बोलायला हवं होतं. मी त्याला म्हटलं, तू नीटच बोललास. आमच्याकडे डोंगर कमी पडले.

तिकीट काढलं आहे. १ ऑगस्टला, शुक्रवारी सकाळी, नंदुरबारला उतरतो. मायला सांग, मी येईपर्यंत कोठीचं झाकण लावून ठेव.

स्टेशनवर काजलला पाठव. तू येऊ नकोस. पूल झाला असला तरी मी गावात जुन्या वाटेनेच येणार, नदीच्या उताराने. पाणी घोट्याखाली असेल तर तू गावाच्या काठावर न थांबता नदी ओलांडून माझ्या बाजूच्या दरडीच्या माथ्यावर ये. आयुष्यभर खाली उतरायची बक्षिसं घेतली, पण पडलो त्या दिवसापासून हा गुडघा चढताना काही म्हणत नाही, उतरतानाच अडतो.

तिथे हात दे.

तुझा,
हेमा