सात नंबरचं तळं

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकून हा शब्द अक्षरशः घे. गेले चार दिवस माझी कंबर मला दुसऱ्या कुठल्याच प्रकारे नमस्कार करू देत नाही.) तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचं घोरणं भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना अजून सोसवतं का? शाळेच्या जिन्यात तुझ्या चपला वाजल्या की पोरं अजूनही घाईघाईने पुस्तकं उघडत असतील, आणि बशी न घेता चहा पिण्याचा तुझा हट्टही शाबूत असेल, म्हणून त्या दोन गोष्टींची चौकशी करत नाही. इकडे आम्ही मजेत आहोत. म्हणजे तुझी भावजय मजेत आहे, माझं वर सांगितलंच.

तर झालं असं की आमच्या नकाशा कार्यालयात नव्या साहेबबाई आल्या. माझी जेवढी नोकरी झाली तेवढंच त्यांचं वय असेल. आल्या आल्या त्यांनी माझा 'बेटावरच्या अनोळखी जागा' हा नकाशा भिंतीवरून उतरवला (तोच, ज्याचा कच्चा कागद तू बावीस वर्षांपूर्वी कार्यालयात मला भेटायला आलीस तेव्हा माझ्या टेबलभर पसरलेला होता) आणि विचारलं, यातल्या किती जागा तुम्ही स्वतः पाहिल्यात? आता ताई, मी पडलो आरेखक. मोजणीवाले उन्हातान्हात हिंडतात, वह्या भरून आणतात आणि मी पंख्याखाली बसून त्याच्या रेघा करतो. बेटावरचा प्रत्येक ओहोळ माझ्या बोटांना पाठ आहे. पायांचा संबंध कधी आलाच नाही. मी तसं सांगितलं. त्यावर बाई शांतपणे म्हणाल्या की येत्या आठवड्यात दहाच्या दहा जागा बघून या, जी सापडणार नाही ती नव्या आवृत्तीतून काढू, आणि गडबड निघाली तर कोपऱ्यातलं आरेखकाचं नावही ठेवता येणार नाही. ते नाव मुंगीएवढ्या अक्षरांत आहे, चष्मा लावूनही पटकन दिसत नाही. पण निवृत्तीला दोन महिने राहिलेत, आणि उभ्या जन्मात माझं नाव छापलेलं असं तेवढं एकच ठिकाण आहे.

त्यातल्या त्यात भरवसा होता तो सात नंबरच्या गोड्या पाण्याच्या तळ्याचा. सात वर्षांपूर्वी मला रजा मिळाली नाही म्हणून तुम्ही दोघंच ते बघून आलात, पाणी आरशासारखं आहे म्हणालात, भाऊजींनी तर डुबकी मारली होती. म्हणून ते मी शेवटी ठेवलं.

जीपवाला मिळाला तो असा की त्याला सगळे 'होकायंत्र' म्हणतात. मला वाटलं, रस्ते पाठ असतील. तसं नाही. त्याने कुठेही गाडी घातली तरी शेवटी त्याच्या सासुरवाडीलाच पोचतो, म्हणून ते नाव. तीन दिवसांत आम्ही त्याच्या सासूच्या ओट्यावर पाच वेळा पाणी प्यालो. मधल्या वेळात जागाही पाहिल्या. दोन नंबरची वटवाघळांची गुहा नकाशात दाखवली आहे तिथेच आहे आणि वटवाघळंही हजर होती. तुझ्या भावजयीने खबरदारी म्हणून आत शिरताच छत्री उघडली. वटवाघळांना ते कोणी मोठं नातलग वाटलं असावं, कारण सगळी मिळून भेटायला आली. पाच नंबरचा 'बारमाही धबधबा' आमच्या मोरीतल्या नळापेक्षा किंचित जोरात होता. मी त्याखाली हात धुतले आणि वहीत 'आहे' असं लिहिलं. खारफुटीतल्या वाटेवर माझा डावा बूट चिखलाने ठेवून घेतला. तुझी भावजय मात्र पदर खोचून, एका हातात नकाशा आणि दुसऱ्या हातात उकडलेली अंडी घेऊन अशी पुढे चालली होती की होकायंत्रसुद्धा तिलाच रस्ता विचारू लागला. तीस वर्षं या बाईला मी भाजी आणताना पिशवीवर पत्ता लिहून देत आलो, याची मला तिथे मनापासून शरम वाटली.

आणि मग सात नंबर. ताई, तिथे तळं नाही. टेकडीचा उतार आहे, केवड्याचं बन आहे, तळं नाही. आम्ही तीन चकरा मारल्या. तेवढ्यात घामाने निथळणारं एक जोडपं झाडीतून बाहेर आलं, त्यांच्या हातात माझाच नकाशा. त्यांनी विचारलं, तळं कुठे आहे हो? माझ्या तोंडून निघून गेलं, जरासं पुढे. तुझ्या भावजयीने माझ्याकडे जे पाहिलं ते इथे लिहीत नाही.

उतारावर शेळ्या चारणारी एक म्हातारी होती, तिला विचारलं. ती म्हणाली, "बावीस वर्षं माणसं येतायत बाबा. तळं नाही म्हटलं की तोंड एवढंसं होतं त्यांचं. म्हणून मी सांगते, यंदा आटलं. आणि खाली धाडते." खाली म्हणजे उतारापलीकडे, समुद्राच्या काठी. तिथे काळ्या खडकात एक खोलगट कुंड आहे, भरतीचं पाणी आत येतं आणि कोवळ्या उन्हात कोमट होऊन राहतं. तळाशी निळे मासे दिसतात. मी उरलेला बूट काढला आणि पाय सोडून बसलो. इतकी वर्षं हा किनारा मी निळ्या शाईने रंगवला, पण त्याचं पाणी पायांना लागलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. मला फार आनंद झाला, ताई, आणि थोडं रडूही आलं.

म्हातारीला मी सहज म्हटलं, माझी बहीण येऊन गेली, तिला बरं तळं दिसलं. तिने वर्णन विचारलं. मी सांगितलं. ती हसायलाच लागली. शेळ्यांना रांगेत उभं राहायला सांगणारी बाई तिच्या चांगली लक्षात होती, आणि या कुंडात उडी मारून तोंडभर खारट पाणी प्यालेले यजमानही. म्हणे तू जाताना तिला बजावलंस, "माझ्या भावाने काढलंय, त्याला कोणी काही सांगू नका. गोडच आहे म्हणायचं." सात वर्षं तू ते गोडच म्हणत राहिलीस.

सोमवारी साहेबबाईंना सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, तळं खोडा, कुंड काढा, नाव राहू द्या.

भाऊजींना नमस्कार, शाळेतल्या पोरांना माझी सहानुभूती.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं काम राहिलंच. नव्या आवृत्तीसाठी कुंडात प्रत्यक्ष उतरलेल्या माणसाची लेखी नोंद हवी आहे: खोली, तळाला चिखल की दगड, आणि पाण्याची चव. भाऊजींकडून सहीनिशी लिहून पाठव. चव खरी लिहायला सांग.

ता. क. २. मोजणीवाल्याच्या वहीत तळं नव्हतंच. मग ते आलं कुठून, म्हणून काल मूळ कच्चा कागद काढून भिंगाखाली धरला. सात नंबरचं तळं बदामी रंगाचं आहे, बरोब्बर गोल आहे आणि त्याचा व्यास आमच्या कार्यालयातल्या कपाच्या बुडाइतका आहे. मी त्या डागाला तळं समजून शाई फिरवली, हा माझा गाढवपणा. पण त्या आठवड्यात माझ्या टेबलाशी बसून चहा प्यालेलं माणूस एकच होतं. साहेबबाईंना कप कोणाचा ते सांगितलेलं नाही, विचारलं तरी सांगणार नाही. पुढच्या महिन्यात नक्की या. कुंडावर जाऊ, थर्मासमधून चहा नेऊ. बशी मी आणतो.