गरम सुई

२ फेब्रुवारी १९७३, भोसरी

अंबूच्या पायात परत गोळे! रात्रभर कण्हत होती. बाळंतपणाहून आली ती काडी होऊनच. पोर अंगावर पिते, मग हिच्यात उरणार काय? दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, कॅल्शियम कमी पडतंय, जेवणानंतर गोळ्या घ्या, नाचणी खा. झालं! मी काविळीतून उठलो तेव्हा मला शिरेतून कॅल्शियम दिलं होतं — कानापासून तळपायापर्यंत गरम! आठवड्यात लेथवर उभा राहिलो. कारखान्यात सगळे त्या इंजेक्शनला गरम सुईच म्हणतात. शेजारच्या लेथवरचा जयसिंग म्हणतो, "गोळी म्हंजे निस्ता खडू, राव."

५ फेब्रुवारी

सासूबाई नातीला बघायला आल्यात. सुईचं नाव काढलं तर म्हणाल्या, "सुई नको जावईबापू, गोळ्याच बऱ्या." का नको? तर नातीला मांडीवर घेऊन बसल्या! माझी आई चुलीपाशी होती, ती लाकडं सारत राहिली. बायकांना सुईची भीती, दुसरं काय.

८ फेब्रुवारी, गुरुवार

कारखान्याला सुट्टी. अंबूला घेऊन गेलो. आई आणि सासूबाई दोघी बरोबर आल्या. डॉक्टर तयार नव्हते. "गोळ्या पुरतात. शिरेतलं उगाच देत नाही मी." मीच हट्टाला पेटलो. शेवटी त्यांनी सुई भरली आणि अंबूला विचारलं, "दुसरं काही औषध चालू आहे का? असेल तर सांग." तिनं आधी माझ्या आईकडे पाहिलं. सासूला विचारल्याशिवाय पाणी प्यायची नाही, अशी ती! मग म्हणाली, "न्हाई."

सुई सावकाश आत गेली. अंबू हसली. "आगं बया, लई गरम वाटतंय." मी म्हणालो, बघ, सांगत होतो ना!

मग तिचे डोळे फिरले.

९ फेब्रुवारी

अंबू गेली. पुण्याला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

१२ फेब्रुवारी

लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्या दिवशी पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांपुढे सासूबाईंनी तोंड उघडलं — लग्नाच्या आधीपासून अंबूचं हृदय अधू! रोज त्याची गोळी. डॉक्टर कपाळाला हात लावून म्हणाले, ती गोळी चालू असताना शिरेतून कॅल्शियम द्यायचं नसतं, हृदय जागच्या जागी थांबू शकतं. हे आमच्यात कुणालाच माहीत नव्हतं. पण गोळी चालू आहे, एवढं बोलायला काय झालं होतं? एक शब्द! माझी बायको, आणि मलाच ठाऊक नाही. दवाखान्यात तिला धरून नेणारा मीच. आज तिची चप्पल दारातून उचलताना मोठ्यानं ओरडावंसं वाटलं.

१७ फेब्रुवारी

दहावा झाला. घाटावर सासूबाईंना चार लोकांत बोललो. "आजारी पोर माझ्या गळ्यात बांधली, आणि लपवून लपवून मारलीत. परत तोंड दाखवू नका." त्यांनी एकदा माझ्या आईकडे पाहिलं आणि पाणीही न पिता निघून गेल्या. आई म्हणाली, "जाऊ दे रं, तिला नको बोलू." आईचं मन मोठं! माझं नाही. नातीला भेटायलाही येऊ देणार नाही.

२५ फेब्रुवारी

पोर वरच्या दुधाला तोंड लावत नाही. आई तिला घेऊन बसून असते. जेवत नाही. सख्खी लेक गेल्यासारखी खचली आहे.

३ मार्च

आज पोरीला पाजता पाजता आईला एकदम हुंदका फुटला. म्हणाली, "तुझ्या सासूनं, सोजरबाईनं, सोयरीक जुळवतानाच मला समदं सांगितलं व्हतं. म्याच म्हनले, माझ्या पोराला कळू देऊ नका, रागीट हाय, टाकून देईल तिला. तू भाईर पडलास की मी माझ्या हातानं तिला गोळी द्यायची. त्या दिवशीबी दिली."