किसनचा गोळकोंडा

४ नोव्हेंबर, पुसद
याडीचा, म्हणजे आईचा, सकाळीच तांड्यावरून फोन. "हैदराबादवरून येताना किसनच्या पोरीले संगच घेऊन ये." किसनले जाऊन दोन महिने झाले. माझा लहान भाऊ. हैदराबादले गोळकोंड्यावर गाईड होता, अकरा वर्षं. चाळिशीही गाठली नव्हती. हार्ट अटॅक. तवा मी गेलीच नाही. शाळेत परीक्षा आहे म्हणून सांगितलं सगळ्यांना. खरं कारण इथंही लिहवत नाही.

५ नोव्हेंबर, हैदराबाद
नांदेडवरून रेल्वे. स्टेशनवर पद्मा, किसनची बायको, आणि श्रावणी. नऊ वर्षांची. कपाळ थेट किसनचं. पद्माले मराठी येत नाही, माझी हिंदी पुस्तकातली. तिनं पिशवी घेतली. दोन खोल्यांचं घर. खिळ्यावर त्याचा गाईडचा बिल्ला अजून तसाच.

६ नोव्हेंबर
चारमिनार, मग सालारजंग म्युझियम. श्रावणीच पुढं, माहिती सांगत. वीस वर्षं फळ्यावर चारमिनार काढून राह्यली, पण वरच्या मजल्यावर मशीद आहे हे आज कळलं! म्युझियममध्ये जुनं घड्याळ. तास भरला की आतून इवलासा माणूस येतो, ठोके देतो. बाराले लई गर्दी. "पप्पा बारा बजेच लाते थे," श्रावणी म्हणाली. सगळे माना वर करून उभे. मले काही दिसेना, डोळे भरले होते.
किसन दर दिवाळीले फोन करायचा. बाई, येकदा ये, सारं शहर दाखवतो. पाहू म्हणायची मी.

७ नोव्हेंबर
गोळकोंडा. किसनसोबतचे म्हातारे गाईड, करीमचाचा, यांनी फिरवलं. किसन जिथं थांबायचा तिथं तेही थांबले. किल्ल्याले पडलेल्या वेढ्याची गोष्ट सांगताना तो लोकांना विचारायचा म्हणे, एवढ्या फौजेले धान्य कोण पुरवत होतं? मग स्वतःच सांगायचा, माझे लोक. बंजारे. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून.
आमच्या पुस्तकात हे नाही. मी कधी शिकवलं नाही.
चाचा म्हणाले, "सबको बोलता था, मेरी दीदी हिस्ट्री की टीचर है. सब उसीने सिखाया."
आणि मी स्टाफरूममध्ये सांगत होती, भाऊ हैदराबादले कंपनीत आहे. अकरा वर्षं. त्याच्या मयतीले गेली असती तर सोबतच्या मॅडम आल्या असत्या, बिल्ला पाहिला असता. लिहिलं शेवटी.
दम खात वर चढलो. चाचांनी खाली दरवाज्यात टाळी वाजवली, वर स्वच्छ ऐकू आली. किसन पाहुण्यांना वर पाठवून अशीच वाजवायचा. श्रावणीनं सवयीनं हात हलवला. मग खाली घेतला.

८ नोव्हेंबर
पोरगी शाळेत गेल्यावर पद्माशी बोलली. याडीचं म्हणणं सांगितलं, पोरीले तांड्यावरच ठेवायचं. घर आहे, शेत आहे, मी आहे, शाळा जवळ. ती भाजी निवडत राह्यली. मग म्हणाली, "दीदी, वहाँ लोग पूछेंगे इसका बाप क्या करता था. आप क्या बोलेंगे?"
म्हणजे किसनले माहीत होतं. तरी दर दिवाळीले फोन…
मी गाईड म्हणीन असं म्हणाली. तिनं मान हलवली. होय की नाही, समजलं नाही. पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही. दुपारी बंजारा हिल्स पाहून आली, नावासाठी. काचेच्या इमारती.

९ नोव्हेंबर, तांडा
स्टेशनवर दोघी आल्या होत्या. श्रावणीनं विचारलं, आत्या, फिर कब आओगे? पद्मा दुसरीकडे पाहत होती.
संध्याकाळी तांड्यावर पोचली. याडी बाहेरच बसली होती. मी ऑटोतून उतरली. तिनं उठून, माझ्या मागं वाकून, ऑटोत पाहिलं.
"पोरगी?"
पद्मा मे महिन्यात पाठवीन म्हणते, मी म्हटलं.
पद्मा असं काही म्हणाली नव्हती.