आईच्या माथी मारलेली अनागोंदी

आप्पा, परवा नातवानं विचारलं, "आजी, अनागोंदी कारभार म्हंजे काय गं?" आणि माझ्या तोंडून तुमचीच गोष्ट बाहेर पडली. तुंगभद्रेकाठचं आनेगुंदी. विजयनगरचं राज्य बुडालं, तरी तिथले राजे म्हणे दरबार भरवायचे, हातातून गेलेल्या मुलखांचा कारभार कागदावर चालवायचे. तेव्हापासून ढिसाळ कारभाराला तो शब्द चिकटला. तुम्ही ही गोष्ट फार रंगवून सांगायचा. स्वतः आरशात मात्र कधी पाहिलं नाहीत.

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत आपल्या विणकरांच्या वडगावात सूत मिळेनासं झालं. तुम्ही रिकाम्या मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले. कुठल्या लुगड्याला कसला काठ घालायचा, याचे हुकूम सुटतायत. दुसऱ्याच्या मागावर बसायला तुम्हाला कमीपणा वाटतो. आणि आई, ज्यांच्याकडं थोडंफार सूत आहे त्यांच्या घरी कांड्या भरून आपली चूल पेटती ठेवते. जुन्या ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, टोकं तेवढी तुम्ही मागावर जपून ठेवली होती. नव्या ताण्याचा एकेक धागा त्यांनाच सांधायचा असतो. ती टोकं गेली, तर सगळे धागे पुन्हा पहिल्यापासून मागाच्या फणीतून ओवत बसायचं.

शेवटी एकदाचं सूत आलं. सांधायला शेजारचे जमले. तुम्ही मागावरचं फडकं उचललंत, तर वीतभर रुंदीची टोकं कुणीतरी कापून नेलेली.

"बघा आमच्या घरचा कारभार! निस्ती अनागोंदी! अगं, घर हाय का धर्मशाळा?"

आईनं पदर सावरला. "व्हय, चुकलं माझं," एवढंच म्हणाली. पुढं पाहुणे आले, सोयरे आले, की तुम्ही हसत हसत तिला त्याच शब्दानं हाक मारायचा. ती मरेपर्यंत. मला तुमचा राग येतो, आप्पा. अजूनही येतो. ज्या बाईनं तुमचं बुडालेलं राज्य पोसलं, तिलाच तुम्ही अनागोंदी ठरवलंत.

पण नातवाला मी सगळं सांगितलं नाही. ती टोकं मी कापली होती, अबोलीचा गजरा बांधायला. आईनं माझ्या वेणीकडं एकदा पाहिलं, मग तुमच्याकडं, आणि चूक आपल्या अंगावर घेतली. मी तेव्हा गप्प राहिले, आणि नंतरही कधी बोलले नाही. हे पत्र कुठं धाडायचं नाहीच. तुम्हाला लिहिलं, कारण तुमच्यावर चिडता येतं. तिला लिहायचा धीर अजून झालेला नाही.