वळणावरची हाळी

३ मार्च २०२५, सोमवार

आले एकदाची वडप्याला! गोडाऊनमध्ये सुपरवायझर म्हणून रुजू झाले आणि खोलीही मिळाली, मागच्या डोंगरावरच्या पाड्यात. कामतघरला लूमच्या खडखडाटात राहण्यापेक्षा हे झकास. रिक्षा डोंगराला वळसा घालते आणि कंटेनरांच्या रांगेत तासभर अडकते. पायवाटेने वीस मिनिटं. मधल्या वळणावर मात्र एका बाजूला कडा, दुसरीकडे घळ आणि वाट जेमतेम एका माणसाची.

घरमालकीण रंगूबाई सत्तरीची, पण त्या वाटेने पळते. तिने आल्या आल्या बजावलं, "वळनावं हाळी द्याची, बाय. अस्वल हाय डोंगरात. मानूस येतंय कळलं का वाट सोडतं. दचकलं तर फाडतं." भिवंडीत अस्वल! तोंडावर हसले नाही एवढंच. पण जाता-येता तीनदा 'हो-हो-हो' करते.

ही वही डब्याच्या पिशवीतच ठेवणार. वेळ मिळेल तसं लिहीन.

९ मार्च, रविवार

माझा नवरा अर्णव कल्याणहून आला होता. माझी हाळी ऐकून म्हणाला, अस्वल पळणार नाही, कीव येऊन तुला घरी सोडायला येईल. तो ढोलपथकातला, त्याने हाळी दिली तर अख्खी घळ घुमली. आता येईल तेव्हा देणार म्हणे.

माझ्याकडे तारीख उलटलेल्या मालाचं काम आहे. मधाच्या बाटल्या, खजुराची पाकिटं, सगळं नष्ट करायचं. अन्न फेकू नये हे आईने हाडीमाशी खिळवलंय. म्हणून येताना एक बाटली आणि एक पाकीट गुपचूप पिशवीत टाकते, वळणावर हाळी देते आणि सपाट दगडावर ओतून ठेवते. सकाळी दगड लख्ख! माकडांची चंगळ आहे.

२१ मार्च, शुक्रवार

आज साहेब दारात उभे होते, काही आणता आलं नाही. वळणावर नेहमीसारखी हाळी दिली.

ते घळीतून वर आलं. काळं, झिपरं, छातीवर पांढरा पट्टा. दगड हुंगला. मग माझ्याकडे बघून सोंड असल्यासारखे ओठ पुढे काढले. मी मागे पळत सुटले आणि रिक्षाने घरी आले. आता रिक्षानेच जाणार.

हाळी ऐकून ते जायला हवं होतं. ते आलं.

२६ मार्च, बुधवार

रंगूबाई मोह वेचायला निघाली होती. तिच्या मुलाने, दौलतने, खालून तिची हाळी ऐकली. तीनदा. त्यानंतर किंकाळी.

आम्ही पोचलो तेव्हा ती वाटेवरच पडली होती. नाक नव्हतं. टाळूची कातडी कवटीपासून सोलून मानेवर लोंबत होती. हात तोंडावर धरले असणार, दोन बोटं मोहाच्या टोपलीत होती. ती जिवंत होती. दवाखान्यात पोचेपर्यंत होती.

दौलत एकच विचारतोय. आयनं हाळी दिली व्हती, मग ते का आलं?

मला माहीत आहे. पंधरा दिवस मी त्याला हाळीवर जेवायला बोलावलं आणि मग उपाशी ठेवलं. बोलले असते तर माल चोरल्याबद्दल नोकरी गेली असती. पाच दिवस गप्प राहिले. मी रंगूबाईला मारलं.

२८ मार्च, शुक्रवार

वळणाच्या दोन्ही बाजूंना नवा फलक लागलाय. 'अस्वलाचा वावर. मोठ्याने आवाज करत जा.'

तरी बोलले नाही. दौलतच्या डोळ्यात बघवत नाही.

३० मार्च, पाडवा. सकाळी

अर्णव श्रीखंड घेऊन निघालाय. रस्त्याने ये असं कालपासून सांगतेय, पण हाळी देत पायवाटेनेच येतो म्हणून हसतो. आता फोन लागत नाही. कधी जास्तीच्या आणलेल्या मधाच्या चार बाटल्या घरात होत्या, त्या घेतल्यात. त्या वळणापासून लांब फोडायच्या, अस्वलाला तिकडे गुंतवायचं आणि खाली जाऊन अर्णवला थांबवायचं. आज सगळं सांगणार. दौलतलाही.

हाळी देणार नाही.

वळणावर

दिली नाही म्हणून — दचकलं —

कपारीत आहे. त्याचा पंजा पोचत नाही. खालचा जबडा लोंबतोय, हाताने धरलाय. ओरडता येत नाही. घशातून नुसता बुडबुडा. डाव्या डोळ्याने दिसत नाही.

ते दगडापाशी बसलंय. फुटलेल्या बाटल्या चाटतंय. काचेसकट.

फोन घळीत वाजतोय. अर्णवच असेल.

मध संपत आला —

खालून हाळी. अर्णवची. पहिली.

अस्वलाने मान वर केली.

पान दगडाला गुंडाळून खाली फेकते. अर्णव, फलक वाचू नकोस, ते हाळीवर येतं, मी शिकवलंय, गप्प राहा, मागे फिर —

दुसरी.

ते उठलं. चाललंय. अर्णव, हाळी देऊ न