नऊ बसेस आणि चौदा वर्षे

५ मे, सोमवार. सकाळी ७
संकल्प पहिला: आजपासून रोजनिशी. मोठ्या पत्रकारांच्या रोजनिशा पुढे पुरावा म्हणून वापरतात म्हणे. कपाटाला कुलूप आणणे.
संकल्प दुसरा: निर्भीडपणा. माझ्या 'साप्ताहिक परखड वैनगंगा'ला अकरा वर्षे झाली. गेल्या वर्षभरातला सगळ्यात परखड मजकूर म्हणजे वाढदिवसाच्या शुभेच्छा. एका नेत्याचा फोटो लहान गेला, तर त्याचा फोन आला आणि पुढच्या अंकात मी तो अर्धे पान छापला. हे आता बंद.

६ मे, मंगळवार. दुपारी ३
निर्भीडपणाला दुसऱ्याच दिवशी फळ. कैलाश जेवायला आला होता. कैलाश म्हणजे सौ.चा धाकटा भाऊ, दारूगोळा कारखान्यात ट्रान्सपोर्ट सेक्शनला क्लार्क. सहा वर्षे परीक्षा देऊन देऊन लागलेली नोकरी. ऑर्डर आली तेव्हा त्याचे वडील अंगणात बसून रडले होते. सीमेवर तणाव आहे, म्हणून विचारले कारखान्यात काय चालले आहे. म्हणाला, सुट्ट्या बंद झाल्या. पुढे विचारले तर म्हणाला, भाऊजी, रस घ्या अजून.
तो हात धुवायला गेला तेव्हा त्याच्या बॅगेतून एक कागद डोकावत होता. म्हणजे चेन लागलेली होती, पण पूर्ण नव्हती. मी ती उघडली. कामगारांच्या बसेसचे नवे वेळापत्रक. पाचाऐवजी नऊ बसेस, दोनाऐवजी तीन शिफ्ट. वर लाल शिक्का: गोपनीय. मोबाईलवर फोटो घेतला, कागद जागेवर ठेवला, चेन होती तेवढीच लावली.
माझे मत: हे बाहेर यावे असे कैलाशलाच वाटत असणार. सरकारी नोकराला तोंडाने बोलता येत नाही. तो बॅगेने बोलला.

८ मे, गुरुवार
अंक निघाला. पहिल्या पानावर सहा कॉलम: 'कारखान्याच्या बसेस पाचवरून नऊ! रात्रंदिवस तीन शिफ्ट. विश्वसनीय सूत्रांची माहिती'. बसेस कधी येतात-जातात हे रस्त्यावरच्या गावांना कळलेच पाहिजे. तो जनतेचा अधिकार आहे. सौ. म्हणाली, त्या बसमध्ये गावच्या माणसाला बसू देत नाहीत, वेळ कळून काय करायचे? तिला लोकशाही समजावून सांगणार होतो, पण तिची डाळ करपत होती.

९ मे, शुक्रवार. सकाळी १०
टीव्हीवर सूचना. संरक्षणविषयक हालचालींच्या बातम्या माध्यमांनी देऊ नयेत. अँकर हे सांगताना थेट माझ्याकडे बघत होती.

त्याच दिवशी, १०.४०
मोबाईलवर ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट वाचला. चौदा वर्षांपर्यंत शिक्षा. मी आता एकोणपन्नास. सुटेन तेव्हा त्रेसष्ट.
बचाव: बातमीत कारखान्याचे नाव कुठेही नाही. फक्त गेटचा फोटो आहे.

त्याच दिवशी, १२.१५
शत्रू 'परखड वैनगंगा' वाचत असेल का? खप तीनशे. त्यातला एखादा असू शकतो. उठून दाराची कडी लावली. खोटे कशाला लिहू, थोडे बरेही वाटले.

१० मे, शनिवार
राष्ट्रहितासाठी अंक परत गोळा करण्याचा निर्णय. हा माघार घेण्याचा प्रकार नाही. स्कूटर काढून आधी सिहोऱ्याला गेलो. तिथला गठ्ठा सुतळीसकट जसाच्या तसा मिळाला. दुकानदार म्हणाला, मागचे दोन गठ्ठेही घेऊन जा. लाखांदूरला फोन केला, तर एसटीतून पाठवलेला गठ्ठा अजून बसच्या टपावरच फिरतो आहे. आमच्या वितरण व्यवस्थेला मी आजवर फार शिव्या दिल्या. आज हात जोडले.
शेवटी कारखान्याच्या कॉलनीच्या फाट्यावर पार्वताबाईच्या पोह्याच्या टपरीवर गेलो. तिथे अंक संपले होते. पोह्याखाली संपले होते. तेलकट तुकड्यांवर माझी बातमी अर्धी अर्धी वाचता येत होती, म्हणून ते उचलू लागलो. पार्वताबाईने विचारले, काय हरवले? मी हळूच म्हणालो, बसेसबद्दल छापले गेले, ते गुप्त होते.
"नऊ नाही, दहा हायेत भाऊ," ती म्हणाली. "एक पहाटेची लहान वाली. मी पोहे त्याच हिशोबानं भिजवून राहिली हप्ताभरापासून."
मी तिला विनंती केली की हे कोणाला सांगू नका. ती म्हणाली, कोनाले सांगू, जे बसमधी येतेत तेच तर खातेत.
परत येताना विचार केला. अख्ख्या फाट्याला जे माहीत आहे ते गुपित कसे? पण फाटा छापत नाही. मी छापले. शत्रूला पोह्यांवरून हिशोब करावा लागला असता, मी त्याला सहा कॉलममध्ये करून दिला. हे पटले. स्कूटर बाजूला लावून दहा मिनिटे बसलो.
शिवाय आकडाही चुकला. शुद्धिपत्रक द्यावे का? नको.

१२ मे, सोमवार
गल्लीत पांढरी बोलेरो. दोन तास उभी. मी खिडकीच्या खाली बसून होतो. सौ. म्हणते आरोग्य खात्याची होती, डासांच्या पाहणीला आली होती. असेल. तसे भासवताही येते.
बॅग भरून ठेवली: बीपीच्या गोळ्या, दोन लुंग्या, डासांची क्रीम, अंगठ्याच्या आकाराचे साबण आठ. आरशासमोर सराव केला: 'काहीही झाले तरी मी माझ्या सूत्राचे नाव सांगणार नाही.' सात वेळा म्हटले. पाचव्या वेळी फार छान झाले. सौ.ने बाथरूमच्या दारातून विचारले, कोणाशी बोलताय?

१३ मे, मंगळवार. संध्याकाळी ६
कैलाश आला. चेहरा उतरलेला. चहा घेतला नाही. सेक्युरिटीवाले सेक्शनमध्ये सगळ्यांना बोलावून विचारत आहेत. तो कागद फक्त तिघांच्या हातात गेला होता. रुपाने, म्हणजे त्याच्या बायकोने, दोन दिवस स्वयंपाक केलेला नाही. त्याची पोरगी खुशबू यंदा दहावीला.
सौ. आत गेल्यावर त्याने खालच्या आवाजात विचारले, "भाऊजी, त्या दिवशी तुमी माही बॅग उघडली नव्हती ना?"
फार नाजूक प्रसंग. पत्रकाराने सूत्राबद्दल कोणाशीही बोलायचे नसते, हा नियम आहे. समोर खुद्द सूत्र बसले असले तरी नियम तो नियम. मी म्हणालो, कैलाश, माझे सूत्र कोण हे मी प्राण गेला तरी सांगणार नाही. तो म्हणाला, म्हणजे दुसरा कोणी आहे तर. आणि त्याला हायसे वाटल्यासारखे दिसले.
मी सावरून घेतले, असेच म्हणायला हवे.

१४ मे, बुधवार. दुपारी ४.१०
पोलीस स्टेशनचा फोन. उद्या अकराला या, मॅडमना भेटा. कशासाठी, विचारले. म्हणे, या तर खरं.
४.३० दोन गोळ्या घेतल्या.
५.०० भाषण तयार. 'मॅडम, वृत्तपत्र हे जनतेचे डोळे आहेत. डोळ्यांना बेड्या घालता येत नाहीत.' डोळ्यांना बेड्या? बघू.
५.३० जुलाब.

१५ मे, गुरुवार
जे झाले ते शांतपणे लिहितो.
पीएसआय मॅडम वयाने लहान आहेत. बसा म्हणाल्या. ड्रॉवर उघडला आणि आत काहीतरी शोधू लागल्या. तो ड्रॉवर फार खोल होता. त्यांना बराच वेळ लागला. त्या खोलीत पंखा होता, पण तो माझ्या दिशेने नव्हता. एवढा वेळ कोणी काही बोलले नाही की माणसाचे काय होते, हे घरी बसलेल्यांना कळणार नाही.
नाव मी सांगितले असे म्हणता येणार नाही. ते निघाले.
मॅडमनी मान वर करून विचारले, कोण कैलाश? अर्धवट माहिती देणे माझ्या पेशाला शोभत नाही, म्हणून आडनाव सांगितले. सेक्शनही सांगितला, बसेसचा कागद आणि बातमीही. कागद त्यानेच दिला का, असे त्यांनी विचारले. आता चेन, हात धुणे, मोबाईल हे सगळे सांगत बसलो असतो तर फार लांबले असते. हो म्हणालो. त्यांनी पेन घेऊन लिहून घेतले.
मग ड्रॉवरमधला कागद सापडला. पुढच्या शनिवारी मॉक ड्रिल आहे, सायरन वाजेल, नागरिकांनी घाबरून जाऊ नये, ही सूचना तुमच्या पेपरात छापा म्हणाल्या. सगळ्याच संपादकांना बोलावले होते. 'परखड वैनगंगा' त्यांनी कधी पाहिलेला नाही. मी उठताना त्यांनी विचारले, त्या बातमीचा अंक आहे का एखादा जवळ? सोबत नेलेल्या बॅगेत तुरुंगात वाचायला म्हणून ठेवला होता. दिला.

१६ मे, शुक्रवार
दिवसभर विचार केला. मूळ मुद्दा असा की कैलाशनेच बॅग नीट बंद करायला हवी होती. गोपनीय कागद घेऊन मुळात कोणी जेवायला जाते का? देशाच्या सुरक्षेकडे इतके दुर्लक्ष बरे नव्हे. मी एक जबाबदार नागरिक म्हणून ते निदर्शनास आणले.
जेवण गेले नाही.

१९ मे, सोमवार
कैलाश सस्पेंड. चौकशी लागली. सौ. सकाळच्या बसने माहेरी गेली. जाताना म्हणाली, कोण्या मेल्याने माझ्या भावाचे नाव घेतले असेल, त्याचे वाटोळे होवो. मी तिची पिशवी बसमध्ये चढवून दिली.

२१ मे, बुधवार. सकाळी ९
कैलाश आला होता. आत बोलावले तरी ओसरीवरच बसला. दाढी वाढलेली. मला वाटले, कळले. बीपीची गोळी कुठे आहे ते आठवेना.
त्याला कळलेले नव्हते.
"साहेबाले म्या पुसलं, माहं नाव कोनं देल्लं? तर म्हनतेत, आमी आमच्या माणसाचं नाव सांगत नाही." मग म्हणाला, "कागद तुमच्या घरी आला होता, हे म्या त्यायले नाही सांगतलं. बसमधी पडला असंल म्हटलं. बाईच्या घरावर बला कायले?"
सौ.ला तो बाई म्हणतो.
शेजारच्या टेबलावर डोमा नावाचा एक क्लार्क आहे, त्याच्यावर शक आहे म्हणाला. पण पोराबाळांचा माणूस आहे, उगाच नाव कसे घ्यायचे. मग माझा हात धरला आणि म्हणाला, "तुमी पेपरवाले आहा, भाऊजी. पोलिसात तुमच्या ओळखी हायेत. माहं नाव घेनारा कोन, तेवढा पता लावून द्या."
लावतो म्हणालो. डोमाचे आडनाव विचारले आणि लिहून घेतले.