परीक्षेसाठी कॅल्क्युलेटर निवडताना

३ फेब्रुवारी, सकाळी
मोजणीदाराच्या परीक्षेचा फॉर्म भरला. बायकोनेही भरला. दोघं एकाच मोजणी ऑफिसात क्लार्क, जागा एकच. तिचं थोडं वाईट वाटतं. पेपरला सायंटिफिक कॅल्क्युलेटर चालतो. म्हणजे अर्धं काम यंत्राचं. तेव्हा आधी यंत्राची नीट निवड, मग अभ्यास. उद्यापासून पहाटे उठणे.

४ फेब्रुवारी
उशिरा उठलो. झोप हा तयारीचाच भाग आहे. बायकोने येताना कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडून सगळ्यात स्वस्त कॅल्क्युलेटर आणला. एका ओळीचा डिस्प्ले, सोलर नाही, झाकण ढिलं. काही तुलना नाही, चौकशी नाही. मी बरंच समजावलं. म्हणाली, साईन-कॉस आहे ना, मग झालं. आणि गणितं सोडवायला बसली. हट्टी स्वभाव.

१२ फेब्रुवारी
बाजार पालथा घातला. बजेटात बसणारे तीन उरले. जाड्या: फंक्शन्स भरपूर, बटणं मात्र दगड. चपट्या: बटणं लोण्यासारखी, पण आधीचं गणित परत दाखवत नाही. चकचकीत: अपूर्णांक वहीतल्यासारखे एकावर एक दाखवतो. त्याची सोलर पट्टी नुसती शोभेची असावी असा संशय. अंगठ्याने झाकून बराच वेळ तपासलं. दुकानदाराने विचारलं, साहेब, विकत घ्यायचाय की नांदवायचाय? अशा माणसाकडून घेणार नाही.
अभ्यास सोमवारपासून.

२० फेब्रुवारी
सासूबाईंचा फोन. तयारी कुठवर आली म्हणाल्या. मी जाड्या आणि चकचकीत यांच्यातला फरक सविस्तर सांगितला. त्यांनी फोन स्वतःच्या मुलीकडे द्यायला सांगितला.
सोमवार हुकला. पुढचा सोमवार नक्की.

१ मार्च
चकचकीत घेतला. (त्याच दुकानातून. इतरत्र नव्हता.) परीक्षा परवा. माहितीपुस्तिकेतली अक्षरं मुंगीएवढी, तरी चार पानं वाचली. हाही अभ्यासच. वर्गसमीकरण चुटकीसरशी सोडवलं. ते अभ्यासक्रमात नाही, पण धीर आला. बायकोने विचारलं, डिग्री-रेडियन कुठे बदलतात ते बघितलंत का? मी म्हटलं, असलं बारीकसारीक हा स्वतःच बघतो.

३ मार्च, पेपरनंतर
पहिलंच गणित झाडाच्या उंचीचं. उंची उणे आली. झाड खड्ड्यात असावं असं गृहीत धरून तशी टीप लिहिली. मग देवळाचा कळस जमिनीखाली गेला. पुढे टिपा लिहिणं सोडलं. डिस्प्लेवर कोपऱ्यात रेडियनचा एक बारीकसा R होता. घरी आल्यावर बायकोने दाखवला. एकंदरीत पेपर बरा गेला.

२१ मार्च
निकाल. बायको पहिली. मी यादीत नाही. छपाईची चूक असावी म्हणून दोनदा विचारून आलो. ऑफिसात सगळ्यांनी तिच्याबरोबर माझंही अभिनंदन केलं. साहेब म्हणाले, आता घरातही साहेब झाल्या. मी हसलो. मग जिन्यात जाऊन जरा उभा राहिलो.
घरी तिने माझा कॅल्क्युलेटर हातात घेऊन बघितला, अपूर्णांक खरंच छान दिसतात म्हणाली.
आणखी एका जागेसाठी परीक्षा पुन्हा सप्टेंबरात आहे. जेवताना मीच विषय काढला: शिकवशील का? उद्यापासून बसू म्हणाली. कॅल्क्युलेटर कुठला आणू, तुझा की माझा, मी विचारलं.
म्हणाली, आधी पेन्सिल आणा.